गाणं चालू ठेवा, गोळीही चालू ठेवा

"डॉक्टरसाहेब, रोज प्रार्थना करत असलो तर गोळी बंद केली चालेल का जी?"

हा प्रश्न मला ओपीडीत अनेकदा येतो. शब्द तेवढे बदलतात. कुणी प्रार्थनेऐवजी उपास म्हणतं, कुणी ताईत, कुणी दर्ग्याचं पाणी, कुणी देवीचा अंगारा. उत्तर मात्र एकच आहे, आणि ते नीट समजावून सांगायला ओपीडीतली पाच मिनिटं पुरत नाहीत. म्हणून आज हा लेख लिहितोय.

हे उत्तर मी एका मुलीच्या गोष्टीतून सांगणार आहे. तिचं कुटुंब ख्रिस्ती होतं, त्यामुळे लेखात ख्रिस्ती उपासनेबद्दल जास्त येईल. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझे वडील खंजिरी भजनाच्या मंडळात गायचे, मी त्या आवाजात वाढलो. पण उपासना माणसाला आजारपणात काय देते आणि काय देऊ शकत नाही, हे मला त्या मुलीच्या खाटेपाशी उभं राहून कळलं. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

डिसेंबरमधली ती रात्र

काही वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात काम करत होतो. डिसेंबरचा महिना. आपल्याकडे डिसेंबरची थंडी कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको. रात्री दहाच्या सुमारास देवरीकडच्या एका गावातून बारा वर्षांची मुलगी आली. सिकलसेलची जुनी पेशंट. पाठ आणि छाती दुखत होती, अंगात ताप होता. वडील राईस मिलमध्ये हमाली करायचे, ते कामावर होते. सोबत आई आणि आजी.

सलाईन लावलं, दुखण्याचं औषध दिलं, ऑक्सिजन लावला, रक्त तपासायला पाठवलं. मुलगी श्वास घ्यायलाही घाबरत होती. छाती हलली की दुखायचं, म्हणून ती अगदी उथळ, तोकडे श्वास घेत होती.

रात्री दीडच्या सुमारास मी राऊंडला गेलो, तेव्हा आजी तिच्या उशाशी बसून हळू आवाजात गात होती. मांडीवर एक जुनं पुस्तक, कडा झिजलेल्या, पुठ्ठ्याला दोऱ्याने शिवलेलं. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांची चुळबुळ चालू होती. मी थकलेलो होतो. म्हणालो, "आजी, हे हॉस्पिटल आहे. गाणं बंद करा."

आजीने पुस्तक मिटलं नाही. म्हणाली, "साहेब, मी गाणं बंद केलं का पोरगी रडते. मंग ते रडणं ऐका लागंल तुमाला."

मी काही बोललो नाही. पुढच्या खाटेकडे गेलो. आजीने आवाज आणखी खाली आणला आणि गात राहिली. थोड्या वेळाने मागून दुसरा, बारीक आवाज ऐकू आला. मुलगी आजीसोबत गात होती. वळून पाहिलं, आणि डॉक्टर म्हणून जे दिसायला हवं होतं ते मला तेव्हा दिसलं. ओळ म्हणायची तर आधी श्वास भरून घ्यावा लागतो. दोन तास मी तिला "बेटा, मोठा श्वास घे" असं सांगत होतो आणि ती घेत नव्हती. आता ती घेत होती.

सिकलसेलमध्ये मोठा श्वास एवढा महत्त्वाचा का?

आपल्या भागात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो.

आपल्या लाल रक्तपेशी गोल आणि लवचिक असतात. बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीतूनही त्या वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये जन्मतःच हिमोग्लोबिनमध्ये एक बदल असतो. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला किंवा थंडी वाजली की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. मग त्या रक्तवाहिनीत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही, आणि त्या जागी भयंकर दुखतं. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा-वीस दिवसांतच तुटते, म्हणून या मुलांचं रक्त कायम कमी असतं.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. यात कुणाचं पाप नाही, कुणाचा शाप नाही. पुढे हा मुद्दा पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

छाती किंवा पाठ दुखत असताना मूल उथळ श्वास घेतं. फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही. तिथे ऑक्सिजन कमी पडतो, आणखी पेशी वाकतात, आणि फुफ्फुसातच अडथळा सुरू होतो. ही गुंतागुंत जिवावर बेतू शकते. ती टाळण्यासाठी आम्ही तीन चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र देतो. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. १९९५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा यंत्रावरचा एक अभ्यास आला होता. छातीत-पाठीत दुखणाऱ्या सिकलसेलच्या मुलांना जागेपणी दर दोन तासांनी दहा मोठे श्वास यंत्राने घ्यायला लावले. यंत्र वापरलेल्या १९ वेळांपैकी एकदाच फुफ्फुसात गुंतागुंत झाली. न वापरलेल्या १९ वेळांपैकी आठदा झाली. एवढ्याशा प्लास्टिकच्या खेळण्याने एवढा फरक पडला.

सकाळी मी आजीकडे गेलो आणि म्हणालो, "आजी, आपण एक सौदा करू. दर दोन तासांनी आधी दहा वेळा चेंडू उचलायचे, मग एक गाणं. आवाज हळू. मान्य?"

आजी पहिल्यांदा हसली. गाणं हे यंत्राला पर्याय आहे असं मी म्हणत नाही. तसं कुठे सिद्ध झालेलं नाही. पण गाण्याच्या आशेने ती मुलगी चेंडू उचलायला तयार झाली, आणि गाताना आणखी काही मोठे श्वास तिच्या छातीत गेले. मला तेवढं पुरे होतं.

गाताना शरीरात काय होतं?

एरवी आपण मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो. सावकाश चालीचं गीत गाताना श्वास पटकन आत घेतला जातो आणि ओळीभर हळूहळू बाहेर सोडला जातो. श्वास सोडण्याची क्रिया लांबली की व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला 'सावकाश' असा निरोप देते. नाडी जरा मंद होते, स्नायू सैल पडतात.

२००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक छान अभ्यास आला. त्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्रही. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली काम करू लागली. शरीराने प्रार्थनेची भाषाही पाहिली नाही आणि धर्मही पाहिला नाही. माझ्या वडिलांच्या मंडळात आणि त्या आजीच्या उशाशी छातीच्या पिंजऱ्यात तेच चाललं होतं.

पण म्हणून 'गाणं म्हणजे श्वासाचा व्यायाम' एवढंच म्हणून थांबलो, तर मी त्या आजीवर अन्याय करेन. ती व्यायाम म्हणून गात नव्हती. ती कुणालातरी हाक मारत होती.

स्तुती म्हणजे दुःख नाकारणं नव्हे

दुसऱ्या दिवशी मी आजीला विचारलं, "एवढ्या दुखण्यात देवाची स्तुती कशी सुचते?" माझ्या मनात होतं की ही मंडळी दुःखाकडे पाठ फिरवत असतील.

आजीचं माहेर अहमदनगरकडचं. तिने ते जुनं पुस्तक, 'उपासना संगीत', माझ्या हातात दिलं. त्यातल्या किती तरी गीतांखाली एक नाव दिसत होतं: नारायण वामन टिळक. शाळेत आपण त्यांच्या फुला-मुलांच्या कविता वाचल्या, म्हणून ते मला ठाऊक होते. नंतर मी जरा जास्त वाचलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. काव्यावर गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांना नवा करार दिला. तिथून त्यांचं आयुष्य वळलं. तो रेल्वेमार्ग म्हणजे आपल्या गोंदियावरून जाणारा मार्ग.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. समाज तुटला, संसार तुटला. पुढे दोघं पुन्हा एकत्र आले. लक्ष्मीबाईंनी हे सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. रडण्याच्या जागा त्यात लपवलेल्या नाहीत, आणि तरी वाचताना हसू येतं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. फारसं शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरं केलं. अभंग, भजन, कीर्तन हे आपल्या मातीतले प्रकार टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यामुळे ती गीतं माझ्या कानाला परकी वाटली नाहीत.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेली, मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि किती तरी मुली-विधवांना केडगावच्या मुक्ती सदनात घेऊन आल्या. आपला हा भागही तेव्हा मध्य प्रांतातच होता. केडगावला दिवसाची सुरुवात प्रार्थनेने व्हायची, पण त्यानंतर शाळा, शेती, विणकाम, छापखाना हे सगळं चालायचं. प्रार्थना केली म्हणून त्यांनी हात बांधून ठेवले नाहीत.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यातला मोठा भाग विलापाचा, तक्रारीचा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. २२वं स्तोत्र देवाने सोडून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होतं आणि स्तुतीकडे जातं. येशूने क्रुसावर त्याच स्तोत्राची सुरुवात उच्चारली असं शुभवर्तमानात आहे. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. म्हणजे ज्या पुस्तकातून ही मंडळी स्तुती शिकली, त्याच पुस्तकाने त्यांना रडायचीही परवानगी दिली आहे.

आजीने मला हे सोप्या शब्दांत सांगितलं. "साहेब, आधी रडून घेतो, मंग गातो. न रडता गायलं तर गळ्यात अडकते."

डॉक्टर म्हणून सांगतो, हे फार निरोगी आहे. दुःख दाबून 'सगळं ठीक आहे' म्हणणारा पेशंट मला जास्त काळजीचा वाटतो.

मंडळी येतात, हे औषध मोठं

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मंडळीतले चौघे-पाच जण आले. एकाने डबा आणला, एका ताईने आईला घरी जाऊन आंघोळ करून यायला सांगितलं आणि स्वतः रात्र काढली. रक्त लागणार होतं, एक तरुण देऊन गेला. मग जिन्याजवळ उभं राहून त्यांनी लहानशी प्रार्थना केली.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या ७४,५३४ नर्सेसवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १६ वर्षांच्या पाहणीत, आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा सामूहिक उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळलं. अशा अभ्यासातून 'उपासनेमुळेच आयुष्य वाढलं' असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या माणसांत इतरही फरक असतात. पण सामाजिक आधार, कमी धूम्रपान आणि कमी नैराश्य यांचा त्यात वाटा दिसला. डबा, रात्रीची सोबत आणि रक्ताची बाटली यांचा फायदा समजायला मला आकडे लागत नाहीत.

त्याच वर्षी माझ्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे एक काका होते, त्याच मंडळीतले. तीस वर्षं खर्रा खाल्लेला. शस्त्रक्रिया झाली, पण आजार परत आला. शेवटच्या महिन्यांत त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. वेदनेसाठी मॉर्फिन चालू होतं. मंडळी दर संध्याकाळी घरी जाऊन त्यांच्या आवडीची गीतं गायची, आणि ते बोटांनी खाटेच्या दांडीवर ठेका धरायचे. ते वाचले नाहीत. पण ते एकटे गेले नाहीत, आणि शेवटच्या दिवसांत 'मी सगळ्यांना ओझं झालो' हे वाक्य, जे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं, ते तिथे ऐकू आलं नाही. जिथे माझ्याकडचं औषध संपतं, तिथे हे कामी येतं.

माझी चूक

आता लेखातला अवघड भाग.

त्या मुलीचं दुखणं एवढं का उसळलं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. आईच्या पिशवीत हायड्रॉक्सीयुरियाच्या न फोडलेल्या पट्ट्या निघाल्या. ही गोळी रोज घ्यायची असते. तिच्यामुळे रक्तात असं हिमोग्लोबिन वाढतं, ज्याने पेशी सहज वाकत नाहीत. गुण दिसायला काही महिने लागतात, आणि बंद केली की संरक्षण हळूहळू ओसरतं. मोठ्या माणसांवरच्या १९९५ मधल्या चाचणीत या गोळीने दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते.

आई म्हणाली, दोन महिन्यांपूर्वी एका मोठ्या सभेला गेलो होतो. बाहेरगावहून आलेल्या वक्त्याने सांगितलं, प्रार्थना झाल्यावर गोळी घेणं म्हणजे अविश्वास. म्हणून बंद केली.

मी भडकलो. सगळ्या वॉर्डासमोर म्हणालो, "हे तुमचं गाणं-प्रार्थना आधी बंद करा! पोरीला मारून टाकाल!"

आई काही बोलली नाही. त्या रात्री वॉर्डात गाणं झालं नाही. मुलीने चेंडूही उचलले नाहीत. सकाळी आईने मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, माझा विश्वास कमी पडला म्हणून असं झालं का? का मी गोळी बंद केली म्हणून देवानं शिक्षा दिली?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. सभेतल्या माणसाने तिला सांगितलं की गोळी घेशील तर तू अविश्वासी. मी सांगितलं की प्रार्थना करशील तर तू अडाणी. दोघांनी मिळून त्या बाईला एका अशा कोपऱ्यात उभं केलं, जिथे मुलीचं दुखणं हा तिचाच गुन्हा ठरत होता.

हा अपराधभाव नुसता मनाला लागत नाही, शरीरालाही लागतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ५९६ वयस्क रुग्णांची दोन वर्षं पाहणी केली. 'देवाने मला सोडलं', 'ही मला शिक्षा आहे' अशा विचारांशी झगडणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे श्रद्धा आधार देते, तशी चुकीच्या शब्दांनी ती ओझंही होते. ते ओझं मंचावरचा माणूस लादू शकतो, घरातली माणसं लादू शकतात, आणि माझ्यासारखा डॉक्टरही.

मी आईची माफी मागितली. मग खुर्ची ओढून बसलो आणि सिकलसेल दोन्ही पालकांकडून कसा येतो, हे कागदावर चित्र काढून दाखवलं. "ताई, यात शिक्षा कुठेच नाही. गोळी बंद झाली, म्हणून पेशी जास्त वाकल्या. गोळी सुरू केली की कमी वाकतील. एवढंच."

दुपारी त्यांच्या गावच्या मंडळीचे पाळक मोटरसायकलवरून आले. मला वाटलं आता वाद होणार. ते आईजवळ बसले आणि म्हणाले, "बाई, शुभवर्तमान लिहिणारा लूक कोण होता? वैद्य होता ना? दुखणाईतांना वैद्याची गरज असते, हे प्रभूनंच म्हटलंय. मग गोळीशी आपलं भांडण कशाला?" मी दहा वाक्यांत जे करू शकलो नव्हतो, ते त्यांनी दोन वाक्यांत केलं. रक्ताचे रिपोर्ट पाहून आम्ही गोळी पुन्हा सुरू केली. मुलीने पहिली गोळी घेण्याआधी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि पाण्यासोबत गिळून टाकली.

प्रार्थनेने आजार बरा होतो का?

बरेच जण हे थेट विचारतात, म्हणून विज्ञानाने काय पाहिलं ते सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या १,८०२ बायपास रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि रुग्णांना आपण कोणत्या गटात हे माहीत नव्हतं. गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाही. तिसऱ्या गटाला 'तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे' असं सांगितलेलं होतं. त्यांच्यात प्रमाण उलट ५९ टक्के निघालं.

यावरून देव आहे की नाही हे ठरत नाही. ते माझं कामही नाही. पण प्रार्थनेला गोळीसारखं मोजायला गेलं, तर ती गोळीसारखी वागत नाही, एवढं नक्की ठरतं. ज्या आजीला मी पाहिलं, तीही प्रार्थनेला गोळी समजत नव्हती. तिला त्यातून सोसायचं बळ मिळत होतं. बळाचं काम बळ करतं, औषधाचं काम औषध.

लक्षात ठेवा

• गोळी स्वतःहून बंद करू नका. सिकलसेल, फिट्स, रक्तदाब, मधुमेह, टीबी, मानसिक आजार, कोणतंही औषध असो. कुणीही, कितीही मोठ्या मंचावरून सांगितलं तरी आधी डॉक्टरांना विचारा.

• औषधाची वेळ उपासनेच्या वेळेला जोडा. घरी संध्याकाळी प्रार्थना, आरती किंवा नमाज होत असेल, तर गोळी तेव्हाच घ्या. विसर पडत नाही.

• उपास-प्रार्थना करताना पाणी सोडू नका. सिकलसेलच्या रुग्णाने निर्जळी उपास कधीच करू नये. मधुमेहींनी उपासाआधी डॉक्टरांशी बोलावं.

• नाताळची मध्यरात्रीची उपासना असो की काकड आरती, सिकलसेलच्या मुलांना स्वेटर, टोपी, मोजे आणि पाण्याची बाटली द्या.

• खोकला असेल तर समूहात गाऊ नका. गाताना तोंडातून बारीक थेंब लांब जातात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण आले होते, त्यातल्या ५३ जणांना कोविड झाला आणि दोघे दगावले. टीबीचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत घरीच प्रार्थना करा.

• आजाऱ्याला भेटायला गेलात तर थोडेच जण जा, आवाज हळू ठेवा, शेजारच्या खाटेचा विचार करा. प्रार्थनेआधी आजाऱ्याला विचारा. आणि 'तुझा विश्वास कमी पडला' हे वाक्य कधीही बोलू नका.

• सिकलसेलच्या रुग्णाला १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक एका बाजूची कमजोरी किंवा पोट फुगणं यापैकी काही झालं, तर प्रार्थना गाडीत बसून करा. आधी दवाखाना गाठा.

• मन फारच खचलं, जगणं नको वाटलं, तर पाळकांशी, घरच्यांशी बोलाच, पण १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावरही फोन करा. तेही औषधच आहे.

१ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. लग्नाआधी दोघांनीही सिकलसेलची तपासणी करून घ्या. ही विनंती मी सगळ्याच धर्मांच्या पुढाऱ्यांना करतो. तुमचा एक शब्द आमच्या दहा पोस्टरांपेक्षा लांब पोचतो.

ती मुलगी अकराव्या दिवशी घरी गेली. बरी होऊन नव्हे, सिकलसेल तसा जात नाही. आता ती कॉलेजात आहे. अधूनमधून दुखतं, पण भरती व्हायची वेळ क्वचितच येते. आजी दोन वर्षांपूर्वी वारली. गेल्या महिन्यात मुलगी तपासणीला आली तेव्हा मी विचारलं, "गोळी रोज घेतेस ना?"

म्हणाली, "हो सर. संध्याकाळी आजीचं गाणं म्हणते, मग गोळी घेते. एक दिवस गोळी विसरले तर गाणं अर्धवट राहिल्यासारखं वाटतं."